३०० मिमी घेण्याआधी बेलोज मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाकडी घडीचा ४×५ (म्हणजे ४×५ इंची फिल्मचा) कॅमेरा आहे आणि त्यावर १५० मिमीची एकच लेन्स. दोन वर्षं ती वापरून झाली. किल्ल्यांवर फिरता, पण समोरचा डोंगर ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फोकस पाहायच्या मागच्या धूसर काचेवर, नखाएवढा दिसतो, म्हणून आता लांब लेन्स हवी आहे. एक ३०० मिमी एफ/५.६ स्वस्तात मिळतेय. पुढेमागे ४५० घ्यायचाही विचार आहे. त्याच लेन्सवर घरातल्या वडीलधाऱ्यांची पोर्ट्रेट्सही काढायची आहेत. कॅमेऱ्याचा बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाता, ‘बारा इंच आहे असं विकणारा म्हणाला होता’. तर घेऊ का?

नका घेऊ. निदान ती नको आणि आज नको. का ते सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि तिचे पैसे अजून डोळ्यांसमोर नाचतात.

छोट्या कॅमेऱ्यावर लांब लेन्स घेणं हा फक्त खिशाचा प्रश्न असतो. लेन्स लावली, वाजलं ‘टक्’, झालं. आपल्या कॅमेऱ्यावर तो आधी सुतारकामाचा प्रश्न आहे. साध्या बांधणीच्या लेन्सला नुसतं दूरवरचं, म्हणजे अनंतावरचं दृश्य स्पष्ट दाखवायलाच फिल्मपासून साधारण तिच्या फोकल लेंग्थइतकं लांब जावं लागतं. १५० ची लेन्स १५ सेंमीवर, ३०० ची ३० सेंमीवर. त्याहून जवळचं काही हवं असेल तर लेन्स आणखी पुढे. हे ‘आणखी पुढे’ किती, याचा हिशोब चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. फोकल लेंग्थचा वर्ग घ्या, त्याला जादा उरलेल्या बेलोजने भागा, आलेल्या उत्तरात फोकल लेंग्थ मिळवा. हे तुमचं जवळात जवळचं अंतर. सगळं मिलिमीटरमध्ये.

आता तुमचा कॅमेरा घेऊ. बारा इंच म्हणजे ३०५ मिमी. ३०० ची लेन्स लावलीत की हातात उरले ५ मिमी. ९०,००० भागिले ५ म्हणजे १८,०००. म्हणजे सव्वाअठरा मीटरच्या आतलं काहीही तुम्हाला फोकस होणार नाही. आजी अंगणात बसल्या असतील तर तुम्हाला गल्लीच्या टोकाला जावं लागेल. बेलोज ३२० निघाला तर हेच अंतर पावणेपाच मीटरवर येतं. १५ मिमीने एवढा फरक पडतो. आणि त्याच ३०५ च्या बेलोजवर २४० ची लेन्स लावली तर ६५ मिमी हातात राहतात, आणि तुम्ही सव्वा मीटरच्याही आत येऊ शकता.

माझं काय झालं ते ऐका. माझा पहिला घडीचा कॅमेराही असाच होता. ३०० घेतली, गच्चीवरून समोरच्या टेकडीवर फोकस करून पाहिलं, उत्तम दिसलं, खूश झालो. पुढच्याच आठवड्यात मावळात एक धनगर आजोबा भेटले. खांद्यावर घोंगडी, चेहऱ्यावर ऊन. ते उभे राहायलाही तयार झाले. मी काळ्या कापडाखाली शिरलो आणि फ्रंट स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी पुढची चौकट, पुढे ढकलत राहिलो, तर रॅक (ती सरकवणारी दातेरी पट्टी) संपला. आजोबा धूसर ते धूसरच. मग मी मागे जात गेलो. जात जात बांधावरून खाली उतरलो तेव्हा कुठे ते फोकसमध्ये आले, तेही पूर्ण आकृती, भोवती अर्धं माळरान. फोटो वाईट नाही आला, पण मला चेहरा हवा होता.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. बेलोज शेवटच्या इंचापर्यंत ताणला की लाकडी कॅमेरा ढिला पडतो. रेल्सचे दात जेमतेम दोन-तीन पकडलेले असतात, पुढचं स्टँडर्ड झुलतं, आणि चुण्या ताठ झाल्यामुळे टिल्ट (लेन्स झुकवणं) किंवा राइज (लेन्स वर सरकवणं) दिलं तर बेलोज ते परत ओढून घेतो. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: फोकल लेंग्थ जास्तीत जास्त बेलोजच्या पाऊणपट. हे भौतिकशास्त्र नाही, माझी सवय आहे. पण ३०५ ते ३२० च्या बेलोजला हा नियम २३०-२४० वर आणून सोडतो, आणि माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच आहे.

‘पण २४० म्हणजे काय, १५० हून कितीशी लांब!’ असं तुम्ही म्हणाल. सगळे म्हणतात. याचं कारण ३५ मिमीची सवय. तिथे ५० वरून थेट २०० वर उडी मारायची आपल्याला लाज वाटत नाही. ४×५ ची चित्रचौकट साधारण ९५ × १२० मिमी. तुलना करायचीच तर फोकल लेंग्थला साडेतीनने भागा. १५० म्हणजे तिकडची ४३, २४० म्हणजे ६८-७०, ३०० म्हणजे ८५, ४५० म्हणजे १३० च्या आसपास. मला स्वतःला हे भागाकार आवडत नाहीत, कारण आपली चौकट उंच आहे आणि ३५ ची लांबट. त्यापेक्षा डोंगरावर उपयोगी पडेल असा हिशोब सांगतो. आडव्या चौकटीत किती रुंदी मावते? अंतर गुणिले १२०, भागिले फोकल लेंग्थ. एक किलोमीटरवरच्या कड्याची १५० मध्ये ८०० मीटर रुंदी बसते, २४० मध्ये ५००, ३०० मध्ये ४००, ४५० मध्ये पावणेतीनशेच्या थोडी आत. १५० वरून २४० वर गेलात की ८०० चे ५०० झाले. २४० वरून ३०० वर गेलात की ५०० चे ४००. पहिली पायरी मोठी आहे, दुसरी तुम्ही चार पावलं पुढे जाऊन भरून काढू शकता. म्हणजे, पुढे दरी नसेल तर.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक काम करा. जाड पुठ्ठ्याला मधोमध ९५ × १२० मिमीचं भोक पाडा. कोपऱ्याला एक सुतळी बांधा आणि तिला १५०, २४०, ३०० आणि ४५० मिमीवर गाठी मारा. गाठ गालाच्या हाडाशी, डोळ्याखाली धरायची, सुतळी ताणायची, एक डोळा मिटायचा. चौकटीतून जे दिसतं तेच तुम्हाला त्या लेन्सवर दिसणार. महिनाभर फक्त हा पुठ्ठा घेऊन फिरा. राजगडच्या बालेकिल्ल्यावर पहाटे उभे राहा आणि पूर्वेला सुवेळा माचीकडे चौकट धरा. संजीवनी माचीवर जाऊन पश्चिमेला तोरण्याकडे धरा. कुठली गाठ पुन्हा पुन्हा गालाशी येते ते वहीत लिहा. मी हे केलं तेव्हा मला खात्री होती की माझी गाठ ४५० ची आहे. वहीत निघाली २४० आणि तिच्या थोडी पुढची. सह्याद्रीत समोरचा डोंगर वाटतो त्यापेक्षा जवळ असतो. रायलिंगच्या पठारावरून लिंगाणा पाहिलात तर १५० सुद्धा पुरते.

तर २४०. पण कुठली? इथे एक सापळा आहे. २४० एफ/५.६ अशी लेन्स स्वस्त दिसेल. ती सहसा कोपाल ३ या सर्वांत मोठ्या मापाच्या शटरमध्ये असते, पाऊण किलोच्या वर भरते, आणि हलक्या लाकडी कॅमेऱ्याच्या पुढे लावली की कॅमेरा मान टाकतो. तुम्हाला दाखवलेली ३०० एफ/५.६ ही तिचीच थोरली बहीण, किलोभर वजनाची. कोपाल ३ ला लेन्सबोर्डमध्ये (लेन्स बसवायच्या फळीत) ६५ मिमीच्या आसपास भोक लागतं. कोपाल १ ला ४२ आणि कोपाल ० ला ३५ पुरतं. छोट्या बोर्डात ते ६५ चं भोक कसंबसं बसतं. शिवाय कोपाल ३ चा सर्वांत जलद वेग १/१२५. या लेन्स स्टुडिओसाठी आणि मोठ्या मोनोरेलसाठी (एका दांड्यावर सरकणाऱ्या कॅमेऱ्यासाठी) केल्या होत्या, पाठीवर घेऊन घाट चढायला नव्हे. ‘स्वस्त’ असण्याचं कारण तेच.

तुम्हाला हवी ती मंद, म्हणजे कमी उजेड घेणारी लेन्स. फुजिनॉन ए २४० एफ/९ ही माझी सर्वांत आवडती. पाव किलोच्या आसपास वजन, कोपाल ० शटर, पुढे ५२ मिमीचा फिल्टर, आणि इमेज सर्कल (लेन्स मागे टाकते ते चित्राचं वर्तुळ) इतकं मोठं की ४×५ वर राइज देऊन देऊन तुमचा कॅमेरा थकेल, लेन्स नाही. मिळायला दुर्मीळ आणि म्हणून महाग. श्नायडरची जी-क्लॅरॉन २४० एफ/९ किंवा रोडेनस्टॉकची आपो-रोनार २४० एफ/९ मिळाली तर डोळे झाकून घ्या. म्हणजे काच नीट तपासून, मग झाकून. या दोन्ही लेन्स मूळच्या छपाईच्या कामासाठी, एकास एक नक्कल काढायला बनवलेल्या. ‘मग दूरच्या डोंगरावर चालतील का?’ ही शंका लोक वर्षानुवर्षं काढतात. एफ/२२ वर चालतात. मी साठेक सेंमीचे प्रिंट करून पाहिले आहेत.

एफ/९ चा तोटा कापडाखाली कळतो. एफ/५.६ च्या तुलनेत ग्राउंड ग्लासवर निम्म्याहून कमी उजेड येतो. एफ/१२.५ च्या लेन्सवर तर जेमतेम पाचवा हिस्सा. पण लांब लेन्सचे किरण काचेवर सरळ येतात, त्यामुळे कोपरे ९० मिमीच्या वाइड लेन्ससारखे काळे पडत नाहीत. उघड्या माळावर एफ/९ मला कधी नडलं नाही. नडतं ते ओसरीत, पोर्ट्रेटच्या वेळी.

पोर्ट्रेटचं आत्ताच उरकतो. २४० वर दीड मीटरवरून उभी चौकट धरलीत तर साधारण ५० × ६३ सेंमीचा भाग येतो. डोकं, खांदे, हात जोडलेले असतील तर तेही. बेलोज लागतो २८६ मिमी, तुमच्याकडे आहे. मात्र बेलोज ताणल्यामुळे उजेड घटतो: २८६ भागिले २४०, त्याचा वर्ग, १.४२. म्हणजे अर्धा स्टॉप जास्त द्या. दूरच्या डोंगराची सवय झालेला माणूस हे हमखास विसरतो आणि निगेटिव्ह पातळ येते. एफ/११ वर या अंतराला स्पष्टतेची खोली जेमतेम सात सेंमी, म्हणजे डोळे स्पष्ट आणि कान गेले. तुम्ही फिल्म होल्डर सरकवेपर्यंत आजोबा दोन बोटं पुढे झुकले तर डोळेही गेले. जुन्या स्टुडिओवाल्यांची युक्ती वापरा: फोकस झाल्यावर लेन्सबोर्डपासून कपाळापर्यंत दोरा लावायचा, होल्डर घातल्यावर पुन्हा दोरा लावून डोकं तिथेच आहे ना ते पाहायचं, मग दोरा काढून फोटो. म्हातारी माणसं या खेळावर खूश होतात आणि चेहरा मोकळा होतो, हा वरचा फायदा.

आता समजा मोजल्यावर तुमचा बेलोज ३६० किंवा त्याहून जास्त निघाला. मग माझा पाऊणपटीचा नियम थोडा सैल करून ३०० घ्या, पण पुन्हा हलकी. निक्कोर एम ३०० एफ/९ किंवा फुजिनॉन सी ३०० एफ/८.५. दोन्ही कोपाल १ मध्ये, तीनशे ग्रॅमच्या आत, दोन्हींना ५२ चाच फिल्टर. निक्कोर एम ही चारच भिंगांची साधी टेसार बांधणी, अतिशय खणखणीत लेन्स. जी-क्लॅरॉन ३०५ सुद्धा चांगली. यांतली कुठली ‘जास्त शार्प’ यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझ्या निगेटिव्हवर त्यांच्यातला फरक वाऱ्यात वाहून जातो. खरंच, वाऱ्यातच.

कारण लांब लेन्सचा मोठा शत्रू काच नाही, वारा आहे. ताणलेला बेलोज म्हणजे शिडाची होडी. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाला संध्याकाळी खालून असा वारा चढतो की खाली टाकलेलं पान वर परत येतं. अशा ठिकाणी १०० आयएसओच्या फिल्मवर, एफ/३२ वर, नारिंगी फिल्टर लावून भर उन्हातसुद्धा एक्सपोजर १/६ सेकंदाच्या जवळ जातं, आणि संध्याकाळी सेकंदाच्या घरात. तिथे मी एकदा ४५० वर आठ फिल्म जाळल्या. घरी आल्यावर लूप लावून पाहिलं तर आठहींवर कड्याची कडा दुहेरी. त्यानंतर शिकलो. कॅमेऱ्याच्या पुढच्या टोकापासून ट्रायपॉडच्या पायाला एक काठी किंवा ट्रेकिंग पोल रबरी पट्ट्यांनी तिरका बांधायचा, म्हणजे त्रिकोण होतो आणि झोका थांबतो. सोबत्याला छत्री धरून वाऱ्याच्या बाजूला उभं करायचं. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढायची नाही. आणि केबल रिलीज हातात धरून वारा पडायची वाट पाहायची. वारा श्वास घेतो. दोन झुळकांच्या मध्ये चार-पाच सेकंद मिळतात.

४५० बद्दल इथेच सांगून टाकतो. फुजिनॉन सी ४५० एफ/१२.५ ही अजब चीज आहे: पावणेतीनशे ग्रॅम, कोपाल १, ५२ चा फिल्टर. निक्कोर एम ४५० एफ/९ जास्त उजळ, पण कोपाल ३ आणि सहाशे ग्रॅमच्या वर. पण दोघींना अनंतालाच ४५ सेंमी बेलोज हवा, पाच मीटरवर साडेएकोणपन्नास. घडीच्या फार थोड्या कॅमेऱ्यांना तेवढा असतो. त्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यावा लागेल, बहुधा मोनोरेल, आणि मग तो गाडीपासून शंभर पावलांच्या पुढे जात नाही. सध्या विसरा.

बेलोज कमी आणि लेन्स लांब, या पेचावर टेलिफोटो हा रस्ता आहे. तिच्या मागच्या बाजूला किरण पसरवणारा भिंगांचा गट असतो, त्यामुळे लेन्स फोकल लेंग्थपेक्षा बरीच कमी पुढे ठेवून भागतं. निक्कोर टी ३६० एफ/८ ला अनंतावर सुमारे २६ सेंमी पुरतात, फुजिनॉन टी ४०० एफ/८ ला २५ च्या आसपास. म्हणजे तुमच्या बारा इंचांवर ४०० चालेल! निक्कोरच्या त्या लेन्सची तर मजा अशी की मागचा गट बदलून तीच ५०० किंवा ७२० करता येते, अर्थात बेलोजही वाढतो. मग मी आधी हीच का नाही सांगितली? एक, वजन. ती पाऊण किलोच्या घरात जाते आणि तेही कॅमेऱ्याच्या पुढे लटकलेलं. दोन, इमेज सर्कल आवळतं. फुजिनॉन ४०० चं साधारण २२० मिमी. ४×५ चा कर्ण दीडशेच्या थोडा वर, त्यामुळे साधं काम होतं, पण मोठी राइज विसरा. तीन, आणि हे मला सर्वांत छळतं: टेलिफोटोला टिल्ट किंवा स्विंग (लेन्स डावी-उजवीकडे वळवणं) दिलं की चित्र जागेवरून सरकतं, कारण तिचा मागचा नोडल बिंदू (ज्याभोवती लेन्स फिरवली तर चित्र सरकत नाही तो) लेन्सबोर्डाशी नसून पुढे हवेत असतो. टिल्ट द्या, चौकट पुन्हा लावा, फोकस बिघडला, पुन्हा टिल्ट. तोवर ऊन सुवेळेवरून उतरून खाली गावात पोहोचतं. ज्यांना मूव्हमेंट्स लागतच नाहीत, समोरचा दूरचा डोंगर सरळ टिपायचा आहे, त्यांनी टेलिफोटो जरूर घ्यावी. मी तिच्याशी तीन वर्षं संसार केला आणि सामंजस्याने वेगळा झालो.

टोपीसारखा पुढे आलेला एक लेन्सबोर्डही मिळतो. तो ४० मिमीचा असेल तर तुमचे ३०५ चे ३४५ होतात आणि ३०० ची लेन्स सव्वादोन मीटरपर्यंत जवळ येते. हलक्या ३०० साठी हा जुगाड वाईट नाही. पण वजन आणखी पुढे जातं, आणि टिल्टचा आस लेन्सपासून दूर राहिल्याने लेन्स मान तुकवून खाली झुकते. आतून काळ्या मखमली कापडाचं अस्तर लावा, नाहीतर त्या नळीत उजेड फिरून चित्र फिकट होतं. किलोभराची ३०० एफ/५.६ मात्र अशा बोर्डावर चुकूनही टांगू नका.

टिल्टचा विषय निघालाच आहे तर एक भ्रम दूर करतो. १५० वर पायाजवळच्या कातळापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट करायला तुम्ही पाचसहा अंश टिल्ट देत असाल. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर हिशोबाने ५.७ अंश येतात. तेच ३०० ला साडेअकरा अंश लागतात, ४५० ला साडेसतरा. लाकडी कॅमेऱ्याचा ताणलेला बेलोज साडेअकरा अंश देताना कण्हतो. टिल्ट न देता केवळ ॲपर्चर बंद करून भागवायचं म्हणाल तर तेही पाहा. १५० एफ/२२ वर दहा मीटरवर फोकस केलं की पाच मीटरपासून पुढचं सगळं चालतं. २४० एफ/२२ वर तेरा मीटरपासून, ३०० एफ/३२ वर चौदा मीटरपासून. त्यामुळे ‘समोर फुललेली कारवी आणि मागे किल्ला, दोन्ही कडक’ ही चौकट १५० चीच आहे. लांब लेन्सवर पुढचं झुडूप मुळात चौकटीत घेऊच नये. रांगांमागच्या रांगा, एका कड्यावरची सावली, एखादं नेढं, हे तिचं खाद्य. एफ/३२, एफ/४५ ला घाबरू नका. विवर्तनाने किंचित मऊपणा येतो, पण या आकाराची निगेटिव्ह चारपट मोठी केली तर नजरेला तो जाणवत नाही.

रांगांमागच्या रांगा म्हटलं की धुरकट हवा आली. लांब लेन्स डोंगर जवळ आणते, मधली हवाही सोबत आणते. मार्च ते मे सह्याद्रीत दुपारी ३०० लावणं म्हणजे दुधात बुडवलेला डोंगर टिपणं. काळ्यापांढऱ्या फिल्मवर नारिंगी किंवा लाल फिल्टरने निळसर धुरकं बरंच कापलं जातं. पाण्याच्या थेंबांचं खरं धुकं मात्र कुठल्याच फिल्टरला दाद देत नाही. पाऊस सरल्यावरचे दिवस, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, ही लांब लेन्सची खरी सुगी. लेन्स घ्यायचीच असेल तर गणपतीपूर्वी हातात पडेल असं पाहा.

जुन्या वाटाही आहेत. तुमची १५० ही श्नायडरची जुनी कन्व्हर्टिबल सिमार असेल आणि तिच्यावर ‘५.६/१५०’ सोबत ‘१२/२६५’ असे आकडे कोरलेले असतील, तर लांब लेन्स तुमच्या घरात आहेच! पुढचा गट फिरवून काढा, मागचा एकटा २६५ मिमी एफ/१२ चं काम करतो. बेलोज मात्र २६५ पेक्षा जास्त लागतो. एफ/२२ वर बंद करा, फोकस त्याच ॲपर्चरवर तपासा आणि पिवळा फिल्टर लावा, म्हणजे कडा सावरतात. याला कमी लेखू नका. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला तो ८×१० वर, कुक कंपनीच्या अशाच, तीन फोकल लेंग्थ देणाऱ्या लेन्सचा २३ इंची भाग लावून, एफ/३२ वर, एक सेकंद. आपल्या ४×५ च्या भाषेत ती साधारण २९० मिमी झाली.

दुसरी वाट भंगाराची. ऑफसेटचं काम संगणकावर गेलं तसे शहरांतले ब्लॉकमेकर आणि प्रोसेस स्टुडिओ बंद पडले, आणि त्यांच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स रद्दीत गेल्या. पुण्यात पेठेतल्या अशाच एका बंद झालेल्या छापखान्यातून मी आपो-रोनार ३६० एफ/९ आणली, तराजूवर तोलून घ्यावी तशी. काच निर्मळ, फक्त शटर नाही. पहिलं वर्ष मी ती काळ्या टोपीने चालवली: टोपी काढा, ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा, टोपी लावा. एफ/६४ वर सावलीत हे छान जमतं. नंतर भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून कडं वळवून घेतलं आणि ती शटरच्या पुढे बसवली. त्याने विचारलं, ‘पंपाचं आहे का?’ मी हो म्हणालो. समजावण्यात अर्धा तास गेला असता.

वापरलेली लेन्स घेताना, आणि आता सगळ्या वापरलेल्याच मिळतात, तीन गोष्टी बघा. बुरशी: मोबाइलचा दिवा मागून तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या. कोकण आणि मुंबईच्या दमटीत राहिलेल्या लेन्सना हा रोग हमखास, आणि तुमच्या कपाटातही तो लागेल, म्हणून डब्यात सिलिका जेल हवंच. दुसरं, चिकटवलेल्या भिंगांच्या कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर डिंक सुटतोय. जुन्या श्नायडरमध्ये कडेला बारीक पांढरे ठिपके दिसतात, तो आतल्या काळ्या रंगाचा पोपडा, चित्राला त्याने काही होत नाही. उलट त्यावर भाव पाडून घ्या. तिसरं, शटरचा एक सेकंद आणि अर्धा सेकंद मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा. लांब लेन्सवर तुम्ही बहुतेक याच वेगांवर राहणार आहात, १/४०० कुणाला हवाय.

आणि शेवटी एक अप्रिय सत्य. २१० घेऊन चित्र कापलंत तरी फार काही बिघडत नाही. २१० च्या निगेटिव्हमधून ३०० ची चौकट कापली तर उरतो साधारण ६७ × ८४ मिमीचा तुकडा, जो पूर्ण ६×७ च्या निगेटिव्हपेक्षा मोठा आहे. २४० मधून ३०० कापायची म्हणजे तर कोपरेच छाटायचे. कापणं हा काही लोकांना अधर्म वाटतो. मला वाटत नाही.

तर या रविवारी कॅमेरा टेबलावर लावा. रॅक शेवटपर्यंत बाहेर काढा, मग दोन दात मागे घ्या, कारण शेवटचे दोन दात फक्त कागदावरचे असतात. ग्राउंड ग्लासच्या आतल्या खरबरीत बाजूपासून लेन्सबोर्डच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत टेपने मोजा. विकणाऱ्याचा ‘बारा इंच’ विसरून जा. ३२० च्या आत निघालं तर २४० शोधायला लागा. ३६० किंवा वर निघालं तर हलक्या ३०० बद्दल पुन्हा बोलू. आणि मधेच कुठे निघालं तर आकडा मिलिमीटरसकट कळवा, अदमासे नको.